जाळ्याची कोंडी : १९८६ मध्ये काय झालं आणि ते कसं सुटलं



आजचा विषय संदेशवहनाच्या जाळ्यांचा आहे. जाळं वेगवान कसं करायचं आणि त्यावर भरवसा कसा ठेवता येईल, या दोन प्रश्नांवर शंभराहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे. त्या सगळ्याचा आढावा एका बैठकीत घेता येणार नाही. म्हणून आम्ही त्यातला एकच प्रसंग मध्यभागी ठेवणार आहोत. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात, एकमेकांपासून ४०० यार्डांवर असलेल्या दोन संस्थांमधलं जाळं जवळजवळ ठप्प झालं. तार तुटली नव्हती, यंत्र जळलं नव्हतं. सगळं धडधाकट होतं आणि तरी काहीही पुढे सरकत नव्हतं. हे का झालं ते समजलं, की आज आपल्या खिशातल्या फोनवर व्हिडिओ कसा येतो तेही बरंचसं समजतं.

पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्यातल्या ज्येष्ठ मंडळींना ट्रंककॉल आठवत असेल. पुण्याहून नागपूरला बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, आणि मग वाट बघत बसायचं. ही वाट बघणं कशासाठी होतं? तर पुणे ते नागपूर अशी एक अख्खी वाट आपल्या एकट्यासाठी राखून ठेवावी लागे. एकदा ती मिळाली, की आपण बोलत असू किंवा गप्प बसून पलीकडच्याचा हुंकार ऐकत असू, ती वाट आपलीच. दुसऱ्या कुणाला ती मिळत नसे.

मग अशा किती वाटा बांधायच्या? कमी बांधल्या तर लोक ताटकळतात, जास्त बांधल्या तर पैसा वाया जातो. या प्रश्नाला गणिताचं रूप दिलं ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने. त्याचा पहिला महत्त्वाचा लेख १९०९ चा. लोक फोन कधी करतील हे एकेकाच्या बाबतीत सांगता येत नाही, पण हजारोंच्या बाबतीत संभाव्यतेने सांगता येतं, आणि त्यावरून किती तारा पुरतील ते काढता येतं, हे त्याने दाखवलं. टेलिफोनची वाहतूक मोजण्याचं एकक आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. रांगांचं शास्त्र इथून सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. आणि ‘रांग’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट रांगेचीच आहे.

आता १९६० च्या आसपास येऊ. शीतयुद्धाचा काळ. अमेरिकेत सांता मोनिकाला रँड कॉर्पोरेशन नावाची संशोधनसंस्था आहे. तिथे पॉल बॅरन नावाचा अभियंता एका भीतिदायक प्रश्नावर काम करत होता. अणुहल्ला झाला तर दूरध्वनीचं जाळं टिकेल का? तेव्हाचं जाळं झाडासारखं होतं. फांद्या खोडाला जोडलेल्या. मोजकी मुख्य केंद्रं गेली की सगळं गेलं. बॅरनने याला पर्याय म्हणून मासेमारीच्या जाळ्यासारखी रचना मांडली. प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींना जोडलेली, मुख्य अशी कुणीच नाही. प्रत्येक केंद्राला तीन-चार दुवे दिले, तरी जाळं हल्ल्यानंतर आश्चर्य वाटावं इतकं तग धरतं, हे त्याने हिशोबाने दाखवलं. त्याचा विस्तृत अहवाल १९६४ मध्ये अनेक खंडांत प्रसिद्ध झाला.

यातली खरी कलाटणी कुठे आहे बघा. तोपर्यंत भरवसा वाढवायचा म्हणजे यंत्रं भक्कम करायची, असाच विचार होता. बॅरनने सुटे भाग बिघडणार हे गृहीतच धरलं आणि बिघडणाऱ्या, स्वस्त भागांतून टिकणारं जाळं बांधता येईल असं म्हटलं. त्यासाठी संदेशाचे ठरावीक आकाराचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याने आपापली वाट शोधत जायचं. लांबलचक पत्र अनेक पोस्टकार्डांवर लिहून, त्यांना क्रमांक घालून पेटीत टाकावं, तसं. त्या वेळी अमेरिकेत दूरध्वनीची मक्तेदारी एटी अँड टीकडे होती. तिथल्या अभियंत्यांना ही कल्पना पटली नाही.

गंमत म्हणजे साधारण त्याच सुमारास, १९६५ मध्ये, इंग्लंडमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या डोनाल्ड डेव्हिस यांना तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. त्यांच्यासमोर युद्ध नव्हतं. माणूस कॉम्प्युटरशी बोलतो तेव्हा एक ओळ टाइप करतो आणि मग बराच वेळ विचार करतो, हे त्यांच्या लक्षात आलं. एवढ्यासाठी अख्खी तार राखून ठेवणं म्हणजे उधळपट्टी. त्यापेक्षा तुकडे करा आणि एकाच तारेवरून अनेकांचे तुकडे पाठवा. या तुकड्याला त्यांनी ‘पॅकेट’ हे नाव दिलं आणि ते टिकलं.

म्हणजे एकाला भरवसा हवा होता, दुसऱ्याला तारेचा पुरेपूर उपयोग, आणि दोघंही एकाच ठिकाणी पोहोचले. पण या रचनेची एक किंमत होती. ट्रंककॉलमध्ये एकदा वाट मिळाली की ती आपली असे. पॅकेटांच्या जाळ्यात जागा कुणासाठीच राखीव नाही. वाटेतल्या केंद्रावर एकदम गर्दी झाली की रांग लागते, आणि रांगेची जागा भरली की पुढचं पॅकेट सरळ टाकून दिलं जातं. १९८६ ची बीजं इथे आहेत.

पुढचा काही भाग आपल्याला परिचित असेल, म्हणून भराभर जाऊ. अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या ‘आर्पा’ या विभागाने जाळं बांधलं, आर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. ‘एल’ गेलं, ‘ओ’ गेलं, आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. पॅकेट पोहोचलं की नाही हे बघायचं कुणी, हा पुढचा प्रश्न. आर्पानेटमध्ये ही जबाबदारी बरीचशी जाळ्यातल्या केंद्रांवर होती. फ्रान्समध्ये सिक्लाड नावाचं जाळं उभारणाऱ्या लुई पूझँ यांनी ती काढून दोन टोकांच्या कॉम्प्युटरांवर टाकली. जाळ्याने फक्त पोहोचवायचा प्रयत्न करायचा, हरवलं तर टोकाने पुन्हा पाठवायचं. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ च्या लेखात वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याची जी पद्धत मांडली, तिच्यातही हाच विचार आहे. टीसीपी म्हणतात ती हीच. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट तिच्यावर गेलं.

इथे जरा थांबून एक बिघाड सांगायला हवा. २७ ऑक्टोबर १९८० ला आर्पानेट काही तास निकामी झालं. केंद्रं आपापल्या दुव्यांची खबर एकमेकांना देत असत आणि प्रत्येक खबरेवर ० ते ६३ मधला क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०. एका यंत्राच्या स्मृतीत बिट गळाले आणि एकाच खबरेच्या तीन प्रती तयार झाल्या, क्रमांक ८, ४० आणि ४४. आता घड्याळासारख्या गोल मोजणीत ४४ हा ४० च्या नंतरचा, ४० हा ८ च्या नंतरचा, आणि ८ पुन्हा ४४ च्या नंतरचा! प्रत्येक केंद्राला प्रत्येक प्रत नवीनच वाटे, आणि ते ती पुढे पाठवत राही. सगळी यंत्रं त्या तीन खबरा फिरवण्यातच गुंतली. बॅरनने केंद्र नष्ट होण्याचा विचार केला होता. इथे केंद्र नष्ट झालं नव्हतं, ते चुकीचं बोलत होतं. बिघडून गप्प बसणारं यंत्र परवडतं, बिघडून बोलत राहणारं परवडत नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू.

धोक्याची सूचना आधी मिळाली होती. जानेवारी १९८४ मध्ये फोर्ड एरोस्पेसमधल्या जॉन नेगल यांनी एक टिपण प्रसिद्ध केलं. रांगा वाढल्या की पॅकेटांना उशीर होतो. उशीर झाला की पाठवणाऱ्याला वाटतं पॅकेट हरवलं, म्हणून तो तेच पुन्हा पाठवतो. त्यामुळे रांग आणखी वाढते. आणि एकदा जाळं या अवस्थेत गेलं की ते तिथेच अडकून बसतं, कारण तारा तर भरलेल्या असतात, पण त्यातला बहुतेक माल आधीच पोहोचलेल्या पॅकेटांच्या प्रतींचा असतो. नेगल यांनी याला कोंडीमुळे होणारी पडझड म्हटलं. त्यांच्या कंपनीच्या खासगी जाळ्यात हा अनुभव येत होता. बाकीच्या जाळ्याला तो अजून यायचा होता.

तो ऑक्टोबर १९८६ मध्ये आला. एका बाजूला लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी, दुसऱ्या बाजूला बर्कलीचं विद्यापीठ. मधे अंतर ४०० यार्ड, जाळ्याच्या भाषेत तीन टप्पे. एरवी तिथून सेकंदाला ३२,००० बिट जात. ते प्रमाण घसरून ४० बिटांवर आलं. म्हणजे ८०० पट घसरण. ४० बिट म्हणजे सेकंदाला इंग्रजी पाच अक्षरं. ४०० यार्ड चालायला साधारण पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जाळ्यातून पंधराशे अक्षरं जाणार, म्हणजे फार तर एक पान. हातात दोन पानं घेऊन रमतगमत चालणाऱ्या माणसानेही त्या दिवशी जाळ्याला हरवलं असतं.

प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन नावाचे संशोधक होते. विद्यापीठातले माइक कॅरल्स बर्कलीच्या युनिक्स प्रणालीवर काम करत होते. दोघांनी शोध सुरू केला. आमच्या मते त्यांनी विचारलेला प्रश्नच महत्त्वाचा होता. आपली टीसीपी बिघडली आहे का, आणि जाळ्याची स्थिती वाईट असतानाही ती अधिक चांगली चालेल अशी सुधारता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ निघालं.

कॉम्प्युटर करत काय होते? संभाषण सुरू झालं रे झालं की पलीकडच्याने जितकी पॅकेटं घेण्याची तयारी दाखवली असेल तितकी सगळी एका दमात सोडून द्यायची. मधली वाट किती अरुंद आहे याची चौकशीच नाही. पोच आली नाही की पुन्हा पाठवायचं, आणि किती वेळ वाट बघायची याचा अंदाजही कच्चा. आपल्याकडचा सिग्नल बंद पडलेला चौक डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाला वाटतं आपण पुढे घुसलो तर लवकर सुटू. प्रत्येक जण घुसतो आणि कुणीच सुटत नाही. रस्ता तोच, गाड्या त्याच. फक्त कुणी थांबायला तयार नाही.

जेकबसन आणि कॅरल्स यांचा उपाय ऐकायला अगदी साधा आहे. पहिलं तत्त्व : जाळ्यातून एक पॅकेट बाहेर पडल्याशिवाय दुसरं आत सोडायचं नाही. बाहेर पडल्याची खूण म्हणजे पोच. म्हणजे पोच येईल त्या ठेक्यावर पाठवायचं. दुसरं : सुरुवात एका पॅकेटने करायची. त्याची पोच आली की दोन, मग चार, मग आठ. याला ‘स्लो स्टार्ट’ म्हणजे संथ सुरुवात म्हणतात. खरं तर दुपटीने वाढणारी गोष्ट काही संथ नाही, पण आधीच्या एकदम ओतून देण्याच्या सवयीपुढे ती संथच. तिसरं : पोच यायला किती वेळ लागतो एवढंच न मोजता त्यात किती चढउतार होतो तेही मोजायचं, म्हणजे घाईने पुन्हा पाठवणं टळेल. आणि चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं : पॅकेट हरवलं तर ते कोंडीचं लक्षण समजायचं आणि आपला वेग निम्मा करायचा. मग सगळं सुरळीत दिसलं की एकेका पॅकेटाने हळूहळू वाढवत जायचं.

माणसाची सहजप्रवृत्ती याच्या उलट असते. हरवलं की आपण जास्त जोरात पाठवतो. त्यांनी सांगितलं, हरवलं की हात आखडता घ्या.

यात एक शंका येते. प्रत्येक जण आपापला वेग ठरवणार, तर वाटणी न्याय्य होईल कशी? याचं उत्तर अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये त्याच वर्षांत शोधलं जात होतं. तिथे राज जैन आणि के. के. रामकृष्णन हे, दोघंही बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले, याच प्रश्नावर काम करत होते. दा-मिंग च्यू आणि जैन यांचा १९८९ चा लेख याबाबतीत पायाभूत मानला जातो. त्यातला विचार आपण आकड्यांनी बघू. वाटेची क्षमता १०० धरा. एक जण ८० वापरतोय, दुसरा २०. फरक ६० चा. कोंडी झाली, दोघांनी निम्मं केलं : ४० आणि १०. फरक उरला ३० चा. आता दोघं सारख्याच पावलांनी वाढू लागले, प्रत्येकी २५ ने वाढले की झाले ६५ आणि ३५, बेरीज पुन्हा १००. पुन्हा कोंडी, पुन्हा निम्मं, फरक १५. दर फेरीत फरक निम्मा होत जातो. दोघांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता वाटणी समान होत जाते. वर बसून वाटप करणारा कुणी लागत नाही.

जेकबसन यांचा लेख ऑगस्ट १९८८ मध्ये स्टॅनफर्डच्या परिषदेत सादर झाला. त्याच वर्षी हे बदल बर्कली युनिक्समध्ये आले. ऑक्टोबर १९८९ च्या इंटरनेटच्या नियमावलीत ही पद्धत प्रत्येक कॉम्प्युटरसाठी अनिवार्य म्हणून लिहिली गेली. नवी तार टाकली नाही, मधली यंत्रं बदलली नाहीत. टोकाच्या कॉम्प्युटरांची वागणूक बदलली आणि जाळं पुन्हा वाहू लागलं. त्याच १९८६ साली भारतात शिक्षण आणि संशोधनासाठी ‘अर्नेट’ सुरू होत होतं. मुंबईतलं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, आणि आयआयटी त्यात होत्या. सर्वसामान्यांसाठी आपल्याकडे इंटरनेट खुलं झालं ते विदेश संचार निगममार्फत, १५ ऑगस्ट १९९५ ला. तोपर्यंत संयमाचा हा नियम होऊन सहा वर्षं झाली होती. आपल्याला तो आयता मिळाला.

पण मंडळी, ‘अनिवार्य’ हा शब्द कागदावरचा आहे. हा नियम पाळला जातो की नाही हे बघायला चौकात हवालदार उभा नाही. १९९० च्या दशकात वेब आलं आणि पान लवकर उघडावं म्हणून नेटस्केप ब्राउझर एका वेळी चार जोडण्या उघडू लागला. प्रत्येक जोडणी प्रामाणिकपणे वागते, पण चार जोडण्या म्हणजे रांगेत एकाच घरची चार माणसं उभी करण्यासारखं. १९९७ च्या नियमावलीत दोनपेक्षा जास्त उघडू नयेत असं लिहिलं. पुढे ब्राउझर सहापर्यंत गेले. सॅली फ्लॉइड या संशोधिकेने १९९९ मध्ये केव्हिन फॉल यांच्यासह लिहिलेल्या लेखात इशारा दिला, की कोंडी दिसूनही वेग कमी न करणारे वाढले, तर ती पडझड पुन्हा होऊ शकते, आणि समंजसपणे थांबणाऱ्यांचंच त्यात नुकसान होतं.

दुसरी अडचण चांगल्या हेतूतून आली. मेमरी स्वस्त झाली, तशा यंत्र बनवणाऱ्यांनी राउटरमध्ये रांगेसाठी मोठमोठ्या जागा दिल्या. पॅकेट हरवू नये हा उद्देश. पण पॅकेट हरवणं हीच तर कोंडीची खूण होती! खूण उशिरा मिळू लागली, रांगा फुगल्या. घरात एक जण मोठी फाइल चढवायला लागला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, त्याचं एक कारण हे. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी याकडे जोराने लक्ष वेधलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजून वेळेवर इशारा देण्याची पद्धत मांडली. २०१६ मध्ये गूगलच्या गटाने, त्यातही जेकबसन होतेच, हरवण्याची वाट न बघता वाटेची रुंदी आणि लागणारा वेळ थेट मोजणारी पद्धत आणली. ती जुन्या पद्धतींशी न्यायाने वागते का, यावर लगेच वाद सुरू झाला. म्हणजे वेग आणि वाटणी हे दोन प्रश्न आजही वेगळे करता येत नाहीत.

मार्च २०२० आठवा. टाळेबंदी झाली, शाळा-कचेऱ्या घरी आल्या. तेव्हा भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइलवरचं एचडी चित्र काही आठवडे बंद ठेवून साधं चित्र द्यायचं ठरवलं. युरोपातही असंच झालं. हे त्याच १९८८ च्या तत्त्वाचं मोठं रूप होतं. गर्दी दिसली, आधी आपला वेग कमी केला.

आता काही प्रश्न आले आहेत, त्यातले दोन घेऊ.

प्रश्न : फाइव्ह-जी आणि फायबर आल्यावर ही कोंडी कायमची संपेल का?

वाट रुंद झाली की रांग नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. फायबर घरापर्यंत आलं तर अरुंद जागा घरातल्या वाय-फायमध्ये सापडते. शिवाय रेडिओवर पॅकेट हरवतं ते कधी गर्दीमुळे, तर कधी मधे भिंत आली म्हणून. त्यामुळे हरवणं म्हणजे कोंडी, हे समीकरण तिथे तसंच्या तसं चालत नाही. बराचसा मोबाइल फोन आणि टॉवर यांच्यातच ती दुरुस्ती करावी लागते.

प्रश्न : एखाद्याने हा नियम पाळायचाच नाही असं ठरवलं तर?

तर त्याला थोडा काळ फायदा होईल. म्हणूनच राउटरने प्रत्येकाची रांग वेगळी ठेवावी आणि पाळीपाळीने सोडावं, असा विचार नेगल यांनीच १९८० च्या दशकात मांडला होता. आज बऱ्याच यंत्रांत तो वापरला जातो. म्हणजे थोडी राखण जाळ्यातही करता येते. पण सगळ्या जाळ्याचा भार त्या राखणीवर टाकता येणार नाही. अजून तरी हे जाळं चालतं ते अब्जावधी यंत्रं, कुणी बघत नसताना, गर्दी दिसली की थांबतात म्हणून. ती यंत्रं कशी वागणार हे ती बनवणारे ठरवतात, आणि त्यांना आपण काय मागतो यावर ते ठरतं. नुसता वेग मागितला तर नुसता वेग मिळेल, आणि मग तोही मिळणार नाही. १९८६ मध्ये एकदा ते झालेलं आहे.